रिपोर्ट नॉर्मल आला तरी टाळू बघाच

दुभंगलेला ओठ आणि टाळू, म्हणजे जन्मतःच त्यांत राहिलेली फट, यांवरचा एक लेख वाचला; त्यात गरोदरपणातल्या सोनोग्राफीची माहिती छान आली आहे. फक्त एक गोष्ट ठळकपणे यायला हवी होती. १८ ते २० आठवड्यांच्या ॲनोमली स्कॅनमध्ये (पोटातल्या बाळात काही व्यंग आहे का हे बघणाऱ्या सोनोग्राफीत) दुभंगलेला ओठ बहुतेकदा दिसतो, पण ओठ नीट असून नुसती टाळू दुभंगलेली असेल तर ती बऱ्याचदा नजरेतून सुटते. म्हणून बाळ जन्मल्यावर बॅटरीच्या उजेडात, जीभ दाबून, पार पडजिभेपर्यंत टाळू बघायलाच हवी. नुसतं बोट फिरवून भागत नाही.

माझ्या भाचीच्या बाळाचं असंच सुटलं. दूध नाकातून यायचं, ओढता येईना, अर्धा तास अंगावर घेऊनही पोर उपाशीच. वर घरात सुरू झालं, ग्रहणात विळीवर भाजी चिरली असशील! कृपा करून कुठल्याही आईला असं बोलू नका. ओठ आणि टाळू जुळायचं काम गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच होतं, ग्रहणाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

जनुकीय चाचणी सरसकट लागत नाही. सोबत हृदयाचा दोष असेल, खालच्या ओठावर खळगे असतील किंवा घरात आणखी कुणाला हा त्रास असेल, तर डॉक्टरांना जरूर विचारा. टाळू दुभंगलेली असेल तर कान मात्र तपासायलाच हवेत, कारण पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येतं आणि बोलणं मागे पडतं.

ओठाची शस्त्रक्रिया बाळ साधारण ३ ते ६ महिन्यांचं असताना, टाळूची ९ ते १८ महिन्यांचं असताना होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (मुलांच्या मोफत तपासणी-उपचारांच्या सरकारी योजनेत) हे व्यंग येतं, तेव्हा पैशांपायी थांबू नका. आशाताईंना किंवा जिल्हा रुग्णालयात विचारा.