उठावाच्या टपाल तिकिटांविषयी फिरणारा मजकूर आणि वस्तुस्थिती

मुंबईतल्या तिकीटसंग्राहकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या उठावाच्या, म्हणजे कागद दाबून आकृती उंच केलेल्या (एम्बॉस्ड) टपाल तिकिटांविषयी एक मजकूर फिरतो आहे. बोटाला शाईचा जाड थर लागला की तिकीट उठावाचे समजावे, बिनरंगाचे उठावाचे तिकीट ही छपाईतली चूक असल्यामुळेच त्याला मोल येते, आणि अष्टकोनी तिकिटाभोवतीचा मोकळा कागद कापला की किंमत वाढते, असे त्यात ठासून सांगितले आहे. तिन्ही विधाने चुकीची आहेत.

उठाव शाईचा नसतो, कागदाचा असतो. पोलादी साच्यात आकृती खोलगट कोरलेली असते. त्यासमोर चामड्यासारख्या दबणाऱ्या पदार्थाचा आधार घेऊन मधल्या कागदावर दाब दिला की कागद त्या खळग्यात शिरतो आणि तेवढ्यापुरता उंच होतो. रंग हवा असेल तर शाई साच्याच्या सपाट पृष्ठभागावर लावतात. खळग्यांना ती लागत नाही, म्हणून रंगीत पार्श्वभूमीवर चेहरा पांढरा राहून वर उठतो. म्हणजे जो भाग बोटाला उंच लागतो, नेमका तोच बिनशाईचा असतो. शाईच्या उंच रेघा लागतात त्या ब्रिटनच्या पहिल्या तिकिटासारख्या, म्हणजे पेनी ब्लॅकसारख्या, कोरलेल्या रेघांत शाई भरून छापलेल्या तिकिटांवर. गिरगावात लग्नपत्रिका छापून घेणाऱ्यांना हा फरक ठाऊक असतो: पावडर तापवून फुगवलेल्या अक्षरांची मागची बाजू सपाट असते, डाय (साचा) मारलेल्या गणपतीच्या मागे मात्र खळगा पडतो. अल्बममध्ये वर्षानुवर्षे दबलेल्या तिकिटाचा उठाव दबून सपाट होतो, म्हणून बोटावर विसंबण्यापेक्षा तिरप्या उजेडात भिंगाखाली पाहावे.

बिनरंगाच्या तिकिटांबद्दल तर आपल्याच इलाख्याचे उदाहरण आहे. सिंध मुंबई इलाख्यात असताना तिथले आयुक्त बार्टल फ्रिअर यांनी १८५२ मध्ये अर्ध्या आण्याची गोल ‘सिंध डाक’ तिकिटे काढली. एकाच नक्षीची ही तिकिटे पांढऱ्या कागदावर बिनशाईच्या उठावात, निळ्या रंगात आणि ठिसूळ लाल चकतीवर अशा तिन्ही रूपांत अधिकृतपणे निघाली. पांढरे तिकीट मौल्यवान आहे, पण ते चुकून छापलेले नाही. इटलीतल्या सार्डिनिया राज्याने १८५३ मध्ये रंगीत कागदावर बिनशाईचा उठाव दिला, तोही जाणूनबुजून.

कापण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे, कारण ते नुकसान भरून येत नाही. ब्रिटनची १८४७ ते १८५४ दरम्यानची एक शिलिंग, दहा पेन्स आणि सहा पेन्सांची अष्टकोनी नक्षीची तिकिटे एकेक करून दाबली जात. त्यामुळे तिकिटांमधले अंतर सारखे राहत नसे, कधी एकाची कड दुसऱ्यावर चढे, आणि छिद्रे नसल्याने ती कात्रीने सोडवावी लागत. चारही बाजूंना कागद शाबूत असलेले चौकोनी तिकीट म्हणूनच दुर्मीळ ठरते, तर अष्टकोनात कापलेले त्याच्या किमतीच्या अगदी थोड्या भागाला विकले जाते. आजोबांच्या अल्बममध्ये असे तिकीट सापडले तर कात्री बाजूला ठेवून भिंग घ्यावे. शिलिंगाच्या आणि दहा पेन्सांच्या तिकिटात कागदातच बसवलेले दोन रेशमी धागे दिसतात, आणि राणी व्हिक्टोरियाच्या मानेच्या कडेवर साचा कोरणाऱ्या विल्यम वायनची आद्याक्षरे व साच्याचा क्रमांक असतो.