शेतकरी ठिबक का घेत नाही, हे शोधून काढायची सोपी रीत

सर्वप्रथम अभिनंदन. कृषी विस्तारशास्त्राच्या, म्हणजे नवं तंत्र शेतकऱ्यापर्यंत पोचवण्याच्या शास्त्राच्या, प्रबंधासाठी मार्गदर्शकांनी तुम्हाला ‘ठिबक सिंचनाच्या अवलंबावर परिणाम करणारे घटक’ हा विषय दिलाय आणि आता विदर्भातली गावं पालथी घालायची आहेत. घाबरू नका. निष्कर्ष तयारच असतो, तुम्ही फक्त त्याच्या खाली टेकू द्यायला माणसं जमवायची.

प्रश्नावलीपासून सुरुवात करा. वय, शिक्षण, कुटुंबाचा आकार, वार्षिक उत्पन्न, जोखीम घेण्याची वृत्ती. सगळे प्रश्न शेतकऱ्याबद्दलच हवेत. डीपीचं, म्हणजे मोटरींना वीज देणाऱ्या रोहित्राचं, वय विचारू नका. एका डीपीवर किती मोटरी लटकल्यात, व्होल्टेज पडलं की ठिबकला लागणारा किलोभर दाब शेवटच्या नळीपर्यंत पोचतो का, असल्या भानगडीत पडलात की प्रबंध वीज खात्याच्या हद्दीत शिरतो. तो विभाग आपला नव्हे.

मुलाखतीला सकाळी अकराची वेळ बरी. कृषी फिडरला वर्षानुवर्षे काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री दहा तास थ्री फेज मिळत आलीय. रात्रीची पाळी असली तर समोरचा माणूस जांभया देईल. ‘माहितीबाबत अनास्था’ या रकान्यात बरोबरची खूण करा. तो म्हणेलच, “साहेब, अंधारात कोणतं ड्रिपर बंद पडलं हे मले दिसनार कसं?” त्याला ‘इतर’मध्ये टाका. ‘इतर’चं विश्लेषण कोणी मागत नाही.

अनुदानाचा प्रश्न मात्र विचाराच, तो सरकारला आवडतो. अल्पभूधारकाला केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के आणि राज्याचा पूरक हिस्सा धरून ८० टक्के. एवढं देऊनही घेत नाहीत म्हणजे वृत्तीच कारणीभूत, हे तुमच्या सहज लक्षात येईल. हे ८० टक्के शासनाने ठरवलेल्या खर्च-मापदंडावर मोजतात, दुकानदाराच्या बिलावर नाही, हा तपशील तळटीपेत ढकला. आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग खरेदी, मग बिल चढवणं, मग मोका तपासणी, आणि मग कधीतरी खात्यात पैसे. तोवरची सोय उसनवारीने करायची. सातबारा अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी फेरफार. आणि वावर मक्त्याने केलं असेल तर तो माणूस तुमच्या नमुन्यात नकोच, त्याने आकडे बिघडतात.

आता एक धोक्याची जागा सांगतो. गावात फिरताना तुम्हाला हरभऱ्यात स्प्रिंकलर फिरताना दिसतील, तिकडे बघू नका. ज्याला तुम्ही ‘तंत्रज्ञानाला विरोध करणारा’ ठरवायला निघालात, त्याच गड्याने स्प्रिंकलरचे पाइप कुणी न शिकवता खांद्यावर घेतलेले असतात. कारण अगदीच अशास्त्रीय आहे: पाइप उचलता येतात, या वावरातून त्या वावरात नेता येतात, शेजाऱ्याकडून चार दिवस मागता येतात. ठिबकची नळी तशी हलत नाही. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, अंतराला टाकलेली नळी सोयाबीनच्या दाट ओळींना जुळत नाही. वखरणीआधी सगळ्या नळ्या गुंडाळा, पेरणीनंतर परत पसरा, त्याची मजुरी वेगळी. मधल्या काळात बंडल धुऱ्यावर पडलं तर उंदीर आणि खारी त्याचा समाचार घेतात. वावरात अंथरलेलं असलं तर रानडुकरं येतात. डुकराचं शिक्षण, वय आणि वृत्ती कोणत्याच प्रश्नावलीत नसते, ही विस्तारशास्त्राची मोठीच उणीव म्हणायची.

सैद्धांतिक प्रकरणात, नवं तंत्र कोण किती लवकर उचलतो त्यावरून शेतकऱ्यांचे पाच गट पाडा: सुरुवातीला २.५ टक्के नवप्रवर्तक, शेवटी १६ टक्के मागे राहणारे. ही परंपरा आयोवातल्या शेतकऱ्यांनी संकरित मका कसा उचलला, या १९४३ साली छापलेल्या अभ्यासातून वाढली. मक्याचं बियाणं पिशवीत येतं, एका कोपऱ्यात पेरून बघता येतं, त्याला फिल्टर लागत नाही की फ्यूज लागत नाही. फिल्टर, मेन लाइन, पाण्यातून खत सोडायची व्हेंच्युरी असा सगळा बारदाना ‘एका कोपऱ्यात करून बघू’ म्हणून येत नाही. पण एवढा फरक कशाला काढत बसायचा? तक्ता छान दिसतो.

गावं निवडताना खारपाणपट्टा टाळा. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या त्या पट्ट्यात विहिरीचं पाणीच खारट. क्षार साचून ड्रिपर बुजतात, मग ॲसिड सोडून नळ्या धुवा. तिथला शेतकरी तुम्हाला पाण्याचं रसायनशास्त्र शिकवेल आणि तुमचा ‘ज्ञान निर्देशांक’ उलटा पडेल. वरूड-मोर्शीही टाळलेली बरी. बोअर खोल खोल जात आटत गेल्या तशी संत्रावाल्यांनी ठिबक घेतली. बुंध्याशी पाणी साचलं की डिंक्या रोग येतो, हेही त्यांना कळत होतं. पाणी संपत आलं, झाडं उभी होती, पीक रोकडीचं होतं, नळ्या दरवर्षी गुंडाळायच्या नव्हत्या. वृत्तीच्या रकान्याला तिथे कामच उरत नाही. भंडाऱ्याकडे गेलात तर धानाच्या बांधीत उभ्या माणसाला ठिबकबद्दल जरूर विचारा. १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाच्या पाण्याची वाट बघणाऱ्या घरात ‘थेंबाथेंबाचं नियोजन’ हा शब्दप्रयोग करून बघा, चहा मिळेल असं नाही.

शिफारशींचं प्रकरण सर्वात सोपं. ‘शेतकऱ्यांमध्ये जागृती करावी, प्रशिक्षण आयोजित करावे.’ प्रशिक्षण तालुक्याच्या गावी, सकाळी अकराला, रात्रीच्या लाइनच्या आठवड्यात ठेवा. हजेरी कमी लागेल. ती वही जपून ठेवा, कारण ‘शेतकऱ्यांच्या प्रशिक्षणातील सहभागावर परिणाम करणारे घटक’ हा विषय तुमच्या मागून येणाऱ्या बॅचला हवाच आहे. प्रश्नावली तीच चालेल.