डोनार १८८१चा असेल, बास्केटबॉल नाही

गेल्या पंधरवड्यात मला एकच पोस्ट तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आली, त्यातला एक तर आमच्या कॉलेजच्या जुन्या बास्केटबॉल टीमचा, जिथे खरंतर लोकांना कळायला पाहिजे. पोस्ट थोडक्यात अशी: "बास्केटबॉल १८९१ मध्ये अमेरिकेत जन्मला हे साफ खोटं आहे. हॉलंडमधला डोनार हा बास्केटबॉल क्लब १८८१चा आहे! खेळ मूळचा डचांचा, त्यांच्या टोपलीच्या खेळावरून अमेरिकेने ढापला. जगातला सगळ्यात जुना बास्केटबॉल क्लब, १४० वर्षं एकच नाव, स्पॉन्सरला कधी विकलं नाही, सगळी पोरं गावातलीच, सहा-साडेसहा फुटी, आणि युरोपच्या सेमीफायनलपर्यंत धडक." खाली ढीगभर अंगठे. एकाने "डोनर" वाचून रक्तदानाचं काय म्हणून विचारलंय, त्याला माफ.

मला हा क्लब आवडतो म्हणून जास्त चिडचिड झाली, कारण खरी गोष्ट या पोस्टपेक्षा कितीतरी भारी आहे.

सुरुवात १८८१ पासून करू. आकडा खोटा नाहीये, गंमत तीच आहे. नेदरलँड्सच्या उत्तरेला ग्रोनिंगन नावाचं शहर आहे (तिथली माणसं ख्रोनिंगन म्हणतात, डच ग हा घसा खाकरल्यासारखा येतो), तिथलं विद्यापीठ १६१४चं, आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी १८८१ मध्ये डोनार काढला तो कशासाठी, तर जिम्नॅस्टिक्स आणि तलवारबाजीसाठी. आपल्याकडच्या जुन्या जिमखान्यासारखं समजा. बास्केटबॉलची शाखा तिथे सुरू झाली १९५१ मध्ये, म्हणजे मधे चांगली सत्तर वर्षं गेली. तोवर दोन महायुद्धं होऊन गेली होती आणि बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये येऊनही पंधरा वर्षं झाली होती. एखाद्या तालमीने सत्तर वर्षांनी कॅरम बोर्ड आणून ठेवला तर कॅरम त्या तालमीच्या स्थापनेइतका जुना होतो का? नाही ना.

बरं नाव. डोनार म्हणजे जर्मानिक लोकांचा मेघगर्जनेचा देव, उत्तरेकडे ज्याला थोर म्हणतात तोच. त्याचाच वार गुरुवार, डचमध्ये डोंडरडाख, जर्मनमध्ये डोनर्सटाग. तिकडे गडगडाटाचा देव आणि आपल्याकडे गुरू, वार एकच. हे पोस्टमध्ये नव्हतं, मीच घातलं, राहवलं नाही.

आता "अमेरिकेने ढापला". डिसेंबर १८९१, मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड, वायएमसीएचं ट्रेनिंग स्कूल, तिथला शिक्षक जेम्स नेस्मिथ, जो मुळात कॅनडाचा. हिवाळ्यात बाहेर मैदानावर जाता येत नाही आणि वर्गातली पोरं कवायतीला कंटाळलेली, त्यांना गुंतवायला काहीतरी पाहिजे म्हणून त्याने गॅलरीच्या कठड्याला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या, फुटबॉल घेतला आणि वर्गातल्या अठरा जणांच्या नऊ-नऊच्या दोन टीम केल्या. तेरा नियम लिहिले, ते जानेवारी १८९२ मध्ये शाळेच्या पेपरात छापून आले. एखाद्या खेळाच्या जन्माची एवढी नीट नोंद क्वचितच सापडते, क्रिकेटवाल्यांना विचारा. आणि अशा खेळावर शंका घ्यायची म्हणजे कमालच.

पोस्टवाल्याच्या डोक्यात जो डच टोपलीचा खेळ आहे तो कोर्फबॉल, कोर्फ म्हणजे डचमध्ये टोपली. तो काढला अ‍ॅमस्टरडॅमचा शाळामास्तर निको ब्रुकहाउझनने, स्वीडनमध्ये एक रिंगचा खेळ बघून आल्यावर, आणि साल १९०२. म्हणजे नेस्मिथनंतर अकरा वर्षांनी. अकरा वर्षांनी आलेल्या खेळावरून आधीचा खेळ कसा ढापणार बाबा? आणि खेळ म्हणूनही दोन्ही वेगळे आहेत, कोर्फबॉलमध्ये मागे बोर्ड नाही, टोपली साडेतीन मीटरवर, बॉलचे टप्पे मारत पळायचं नाही, आणि मुलं-मुली एकाच टीममध्ये, जे १९०२ मध्ये बऱ्याच लोकांना पचलं नव्हतं. मस्त खेळ आहे, त्याला उगाच बास्केटबॉलचा बाप बनवायची गरज नाही.

"१४० वर्षं एकच नाव, स्पॉन्सरला विकलं नाही" हे वाचून मात्र मी मोठ्याने हसलो. कारण नावं बदलण्यात या क्लबचा हात धरणारे कमी असतील. तिकडच्या बास्केटबॉलमध्ये स्पॉन्सरचं नाव म्हणजेच टीमचं नाव ही जुनी रीत, टीव्हीचा पैसा नाही, हॉल छोटे, तिकिटांवर अमेरिकन प्लेयरचा पगार निघत नाही, मग पाटी विकायची. १९८२ला पहिल्यांदा डच लीग जिंकली तेव्हाच टीम होती नॅशनाले डोनार, मागे विमा कंपनी. पुढे कधी सेलेरिटास-डोनार, कधी आरझेडजी डोनार. इथपर्यंत निदान डोनार शेपटाला तरी होतं. २००३ मध्ये तेही गेलं. एमपीसी कॅपिटल्स, मग २००६ पासून हान्झेफास्ट कॅपिटल्स, मग २००९ पासून गॅसटेरा फ्लेम्स. अकरा वर्षं जर्सीवर त्या गडगडाटाच्या देवाचं नावच नाही.

आता हिशोब करा. क्लबने लीग जिंकली सात वेळा: १९८२, २००४, २०१०, २०१४, २०१६, २०१७, २०१८. यातली २००४ची एमपीसी कॅपिटल्सच्या नावावर, २०१० आणि २०१४ची गॅसटेरा फ्लेम्सच्या, १९८२ची विमा कंपनीसकट. नुसत्या "डोनार" या नावाने जिंकलेल्या फक्त शेवटच्या तीन, त्या सलग, एरिक ब्राल कोच असताना. तर नाव कधी विकलं नाही म्हणणाऱ्याने चॅम्पियनांची यादी एकदा तरी उघडून बघायची होती, पाच मिनिटांचं काम.

त्यातलं फ्लेम्स हे नाव मला कायम चटका लावतं. गॅसटेरा ही तेव्हा नैसर्गिक गॅस विकणारी तिथलीच कंपनी. १९५९ मध्ये शहराजवळ स्लोख्टरनला युरोपातल्या सगळ्यात मोठ्या गॅस साठ्यांपैकी एक सापडला, सगळ्या देशाच्या घरातल्या शेगड्या त्यावर पेटल्या, आणि गॅस काढून काढून खालची जमीन बसायला लागली. ऑगस्ट २०१२ मध्ये हाउझिंगे गावाला ३.६ चा भूकंप झाला, आपल्याला हा आकडा छोटा वाटेल, किल्लारी बघितलेल्यांना तर फारच, पण हे धक्के जमिनीत फार खोल नसतात आणि तिकडची विटांची जुनी घरं त्यासाठी बांधलेलीच नाहीत, भिंती तडकल्या. म्हणजे ज्या भागात लोक घराच्या भेगा मोजत होते तिथलीच टीम छातीवर गॅस आणि ज्वाळा लिहून खेळत होती. २०१४ मध्ये डोनार नाव परत आलं. गॅस काढणं थांबलं २०२३ च्या ऑक्टोबरात. यात कुणी व्हिलन शोधू नका, छोट्या शहरात मोठी कंपनी एखाददुसरीच असते आणि क्लब तिच्याच दारात जाणार.

गावातली पोरं हा मुद्दा पटकन उरकतो. डच माणूस उंच असतो हे खरं, जगात सरासरी उंचीत ते वरच्याच जागी असतात. पण डोनारच्या सगळ्यात लाडक्या खेळाडूंपैकी एक आहे जेसन डोरिसो, अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातून आलेला, कित्येक सीझन तिथेच रमला. बाकी डच क्लबांसारखाच इथेही परदेशी माल भरपूर. आणि नुसत्या उंचीने होत असतं तर पाच-पाच जणांच्या बास्केटबॉलमध्ये डच पुरुष टीम एकदा तरी ऑलिम्पिकला पोचली असती. गोल्ड आलं ते २०२४ला पॅरिसमध्ये, थ्री बाय थ्रीमध्ये (तिघे मैदानात, एक बदली), आणि त्या चौघांत आर्विन स्लाख्टर होता, जो डोनारकडून खेळलेला. पोस्टवाल्याला खरंच मिरवायचं होतं तर हे मिरवायचं.

राहिली सेमीफायनल. खरी आहे, २०१७-१८ची, पण ती पोस्ट वाचून वाटते तशी युरोपातल्या सगळ्यात वरच्या स्पर्धेची नव्हे, फिबा युरोप कपची (फिबा म्हणजे बास्केटबॉलची जागतिक संघटना). युरोपात क्लबांच्या स्पर्धांची उतरंड आहे, वर युरोलीग, मग युरोकप आणि फिबाची चॅम्पियन्स लीग, आणि त्याखाली हा कप. त्या बजेटच्या डच क्लबने तिथे शेवटच्या चारांत जाणं ही मोठीच गोष्ट आहे, मी स्वतः रात्री जागून बघितलंय, म्हणून तर फुगवून सांगितलं की राग येतो.

आणि तिथे त्यांना हरवलं कोणी? इटलीचा तेव्हाचा चॅम्पियन रेयेर व्हेनेझिया, व्हेनिसचा, ज्याने पुढे कपही नेला. या रेयेरची स्थापना १८७२ची, जिम्नॅस्टिक्स क्लब म्हणून. म्हणजे पोस्टच्याच लॉजिकने गेलं तरी डोनार जगातला काय, त्या सेमीफायनलमधलाही सगळ्यात जुना क्लब नव्हता. जर्मनीतल्या गीसनच्या बास्केटबॉल टीमचा मूळ क्लब तर १८४६चा, नेस्मिथचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

प्लीज, आता यावरून "बास्केटबॉल जर्मन आहे" असं कुणी टाइप करायला घेऊ नका.