उपचार थांबवायचा कुणी?

भारतात औषधचाचण्यांवर वाद पेटला की तो बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरतो: आमच्या माणसांवर प्रयोग करण्याची परवानगी दिली कुणी, आणि कुणाला काही झाले तर भरपाई किती. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि नवी औषधे व क्लिनिकल चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांत त्यांची काही उत्तरेही सापडतात. इंग्लंडमधल्या एका चाचणी केंद्रात संख्याशास्त्राचे काम करताना मला मात्र तिसराच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटू लागला आहे. चाचणीतला एखादा उपचार मध्येच बंद करायचा झाला, तर तो कोण, कोणत्या नियमाने आणि किती वेळात बंद करणार?

ऑक्सफर्ड विद्यापीठाने मार्च २०२० मध्ये सुरू केलेल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत कोविडने रुग्णालयात दाखल झालेल्यांची निरनिराळ्या उपचारांच्या गटांत, म्हणजे ‘आर्म’मध्ये, चिठ्ठी टाकावी तशी विभागणी होत असे. कोणत्या गटात किती मृत्यू झाले हे खुद्द संशोधकांनाही दिसत नसे. तो अधिकार स्वतंत्र देखरेख समितीकडे होता. ब्रिटनच्या औषध नियामकाच्या विनंतीवरून ४ जून २०२० रोजी समितीने पुन्हा आकडे तपासले आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या मलेरियावरच्या औषधाची आकडेवारी आता प्रमुख संशोधकांनी स्वतः पाहावी, अशी शिफारस केली. दुसऱ्याच दिवशी तो गट बंद झाला. अठ्ठावीस दिवसांतल्या मृत्यूंचे प्रमाण औषध दिलेल्यांत २५.७ टक्के आणि नेहमीच्या उपचारांवरच्या रुग्णांत २३.५ टक्के होते. हे सगळे निर्दोष होते असे नाही. त्या दिवशी हाती आले ते केवळ एक निवेदन. सविस्तर निष्कर्षांसाठी पुढच्या महिन्यापर्यंत थांबावे लागले.

‘गट बंद’ ही घोषणा दोन शब्दांची असली, तरी तिच्यामागचे काम किचकट असते. आधी संगणकावरच्या विभागणीतून तो पर्याय काढायचा, म्हणजे रात्रपाळीच्या डॉक्टरच्या हातून नवा रुग्ण चुकून त्या गटात जाणार नाही. मग माहितीपत्रक आणि संमतीपत्र बदलून नैतिक समितीकडे पाठवायचे आणि औषधाची उरलेली खोकी वेगळ्या कपाटात कुलूपबंद करून त्यांची मोजदाद ठेवायची. सर्वांत नाजूक काम परिचारिकेचे. ती ज्या रुग्णाला फोन करते, त्याच्या हातात अर्धी स्ट्रिप उरलेली असते, आणि ती संपवू की आजच थांबवू, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर आधीच लिहून ठेवलेले नसेल, तर दहा केंद्रांवर दहा उत्तरे दिली जातात. औषध थांबले तरी रुग्णावरचे लक्ष थांबवायचे नसते. तो मूळ गटातलाच धरला जातो, आणि त्याची तुलना त्याच काळात दाखल झालेल्यांशीच होते.

हे कोविडच्या घाईत सुचलेले नव्हते. प्रोस्टेटच्या कर्करोगावरील ‘स्टॅम्पीड’ चाचणीत सेलेकॉक्सिब या दाहशामक गोळीचे दोन गट २०११ मध्ये, मधल्या टप्प्यावर पुरेसा लाभ दिसेना म्हणून असेच बंद झाले आणि बाकीची चाचणी चालू राहिली. कोणत्या टप्प्यावर किती लाभ दिसला नाही तर थांबायचे, हे आराखड्यातच लिहिलेले होते. (उलट, लाभ दिसला म्हणून घाईने थांबणे अधिक धोक्याचे, लवकर थांबवलेल्या चाचण्यांत औषधाचा गुण फुगलेला दिसतो.)

आता भारताकडे पाहू. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने गंभीर रुग्णांचे प्राण वाचतात हे रिकव्हरीने १६ जून २०२० रोजी सांगितले आणि २७ जूनला ते भारताच्या उपचारपद्धतीत आलेही. प्लाझ्माचे, म्हणजे कोविडमधून बरे झालेल्यांच्या रक्तातला द्रव रुग्णाला देण्याच्या उपचाराचे, मात्र उलटे झाले. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, स्वतः ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर केलेल्या ‘प्लॅसिड’ चाचणीत प्लाझ्माचा उपयोग दिसला नव्हता, आणि ते निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्धही झाले. रिकव्हरीतला प्लाझ्माचा गट १५ जानेवारी २०२१ रोजी बंद झाला. अखेरच्या हिशेबात ११,५५८ रुग्णांत दोन्हीकडे मृत्यूचे प्रमाण २४ टक्केच निघाले. भारतीय उपचारपद्धतीतून प्लाझ्मा वगळला गेला तो १७ मे २०२१ रोजी, दुसऱ्या लाटेने घरेच्या घरे पिळून काढल्यावर.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सोलापूरहून मावशीचा फोन आला. काकांना प्लाझ्मा हवा होता आणि दाता मिळत नव्हता. इकडे हा उपचार जानेवारीतच थांबवला आहे, असे मी सांगितल्यावर ती म्हणाली, “अगं, तुमच्याकडे थांबला असेल, इथं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलंय ना!” तिच्या बोलण्यात काहीही चूक नव्हती. चिठ्ठी हातात असलेल्या माणसाने ऑक्सफर्डचे निवेदन कशाला मानावे?

घरच्या चर्चेत याचे खापर डॉक्टरांच्या लोभावर किंवा सरकारच्या ढिलाईवर फुटते. मला ते अपुरे वाटते. बेछूट वापर नको, असे आयसीएमआरने नोव्हेंबर २०२० मध्येच बजावले होते. ब्रिटनमध्येही डॉक्टर काही अधिक संयमी जन्मत नाहीत. एप्रिल २०२० मध्ये चारही प्रदेशांच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सिद्ध न झालेली औषधे चाचणीबाहेर देऊ नयेत, असे पत्र काढले होते. त्यामुळे अनेक औषधे मुख्यतः चाचणीतूनच मिळत आणि गट बंद झाला की तो उपचारही बहुतांशी थांबे. आपल्याकडे चाचणी एकीकडे चालली होती आणि उपचार दुसरीकडे.

महाराष्ट्रात २९ जून २०२० रोजी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते ‘प्लॅटिना’ सुरू झाली तेव्हा जगातली सर्वांत मोठी प्लाझ्मा चाचणी म्हणून तिचा गाजावाजा झाला. उद्घाटनाची बातमी सर्वत्र छापून येते, पण थांबण्याचा नियम कुठे छापलेला दिसत नाही. अशा योजनेच्या शासन निर्णयातच देखरेख समिती कोणाची, ती किती रुग्णांनंतर आकडे पाहणार, कोणत्या आकड्याला थांबणार, थांबल्याचा निरोप तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत किती वेळात पोहोचणार आणि रक्तपेढ्यांत गोठवून ठेवलेल्या पिशव्यांचे काय करायचे, हे लिहिलेले असायला हवे.