कार्ड कमी पडत नाहीये, घोडं अडॅप्टरपाशी अडलंय

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन फोर-के मॉनिटरवर कोडिंग, एक्सेल, ब्राउझर एवढंच काम असेल तर ४ जीबी मेमरीचं साधं ग्राफिक्स कार्ड पुरतं, असं मी माझ्या लेखात लिहिलं होतं. त्यावर विसंबून तुम्ही कार्ड घेतलंत आणि आता दुसऱ्या मॉनिटरवर माऊस अडखळतो, विंडो ओढली की मागे रेंगाळते. "तगडं गेमिंग कार्डच लागतं हे सरळ सांगायचं, लोकांना खड्ड्यात का घालता?" असं तुम्ही विचारलंत. पैसे तुमचे गेलेत, राग येणारच.

पण तुम्ही ओघात एक गोष्ट लिहिलीय, तिथे माझी नजर थांबली. मॉनिटर जोडायचे डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय हे दोन वेगळे पोर्ट. तुमचा पहिला मॉनिटर डिस्प्लेपोर्टने थेट जोडलाय आणि दुसरा डिस्प्लेपोर्टचा एचडीएमआय करणारा छोटा अडॅप्टर लावून. कार्डाचा दम कमी पडत असता तर दोन्ही मॉनिटर रखडले असते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून दुसऱ्या मॉनिटरचा रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो तो आकडा, बघा. माझ्या अंदाजाने तिथे ६० ऐवजी ३० हर्ट्झ दिसेल, म्हणून माऊस अडखळतो.

कारण असं, की साधा अडॅप्टर सिग्नल बदलत नाही. कार्डच त्या पोर्टातून एचडीएमआयचा सिग्नल सोडतं, अडॅप्टर फक्त व्होल्टेज जुळवून देतो. या वाटेने सिग्नलचा वेग जास्तीत जास्त ३०० मेगाहर्ट्झ असू शकतो. फोर-के ३० हर्ट्झला २९७ लागतात, म्हणजे जेमतेम बसतं. पूर्ण रंगांसह ६० हर्ट्झला ५९४ लागतात, ते बसणं शक्यच नाही. या अडॅप्टरवर महागातलं कार्ड लावलंत तरी माऊस असाच अडखळेल. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आता माझी चूक. "पोर्ट जुळत नसेल तर कुठलाही अडॅप्टर चालेल" ही ओळ माझीच. ती चुकीची होती, तुम्हाला भुर्दंड तिच्यामुळे पडला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. लेखात आज दुरुस्ती केली आहे.

कार्डाच्या ताकदीबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, प्रत्येकी ४ बाइट धरले तर एक पूर्ण चित्र ३३ एमबीचं. दोन पडद्यांचे ६६. विंडोज आणि ब्राउझर आणखी बरीच मेमरी घेतात, तरी रोजच्या कामाला ४ जीबीत जागा उरते. गेममध्ये प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्राला, जवळपास प्रत्येक पिक्सेलचा रंग नव्याने काढावा लागतो. डेस्कटॉपवर तयार विंडो एकमेकींवर मांडायच्या असतात. पिक्सेल तेवढेच, मेहनत कितीतरी कमी. फोर-के व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी करत असाल तर तुमचंच म्हणणं बरोबर, तिथे मोठं कार्ड आणि भरपूर मेमरी हवीच.

दोन मॉनिटरवाल्यांना एक वेगळाच त्रास होतो, तो मी स्वतः भोगलाय. माझा एक मॉनिटर ६० हर्ट्झवर होता, दुसरा १४४ वर. काही काम चालू नसतानाही कार्ड गरम आणि पंख्याची घरघर दिवसभर. कार्ड आपल्या मेमरीचा वेग कमी करायला दोन फ्रेममधली मोकळी फट शोधतं, आणि दोन मॉनिटरच्या फटी एका वेळी आल्या नाहीत तर मेमरी पूर्ण वेगातच अडकून राहते. १४४ चे १२० केले आणि खोली शांत झाली. सगळ्या कार्डांवर हा उपाय लागू पडेल असं नाही, पण करून बघायला एक मिनिट लागतं.

तुम्ही आता एवढंच करा. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर अडॅप्टर काढून थेट केबल लावा. नसेल तर कार्डाचा स्वतःचा एचडीएमआय २.० पोर्ट वापरा, तोही नसेल तर फोर-के ६० हर्ट्झ स्पष्ट लिहिलेला ॲक्टिव्ह, म्हणजे सिग्नल स्वतः बदलून देणारा, अडॅप्टर घ्या. मॉनिटरच्या मेनूतही एकदा डोकवा, काही मॉनिटर जुन्या एचडीएमआय मोडवर सेट केलेले असतात. कुणी रंग ४:२:० वर, म्हणजे रंगाची माहिती कमी करणाऱ्या मोडवर, टाकून ६० हर्ट्झ मिळवायला सांगितलं तर ऐकू नका. त्यात चार पिक्सेलना मिळून रंगाची एकच नोंद उरते, आणि पांढऱ्यावरची बारीक लाल अक्षरं फिसकटतात. दिवसभर अक्षरं वाचणाऱ्याला ते सोसवत नाही.

कार्ड परत करण्याआधी तो रिफ्रेश रेटचा आकडा तेवढा कळवा. ६० दिसत असूनही माऊस अडखळत असेल, तर माझं निदान चुकलं, मग पुढचं आपण इथेच शोधू.