दोन पीसी जोडून 'सुपर कॉम्प्युटर'? थांबा जरा

"घरातले दोन जुने कॉम्प्युटर भंगारात देऊ नका! एका केबलने जोडा. ४ आणि ४ मिळून ८ जीबी रॅम, प्रोसेसरही डबल, अख्ख्या घराला एकच सुपरफास्ट मशीन. नासासुद्धा हेच करतं." हा मेसेज सध्या जोरात फिरतोय. दुर्लक्ष केलं असतं, पण आमच्या मामाने तो वाचून दोन्ही टोकांना यूएसबीची तीच चपटी पिन असलेली वायर मागवली आणि विचारलं, "कुठल्या पोर्टमध्ये लावू रे?" कुठल्याच नाही, मामा!

आधी या वायरीचंच बघू. बाकीचा मेसेज नुसता चुकीचा आहे, ही वायर मात्र खर्चात पाडेल. पीसीचा यूएसबी पोर्ट ५ व्होल्टचा पुरवठा करतो. साध्या वायरीने दोन पीसी भिडवले की दोन्हीकडून पुरवठाच, घेणारं कोणी नाही. कधी काहीच होत नाही, कधी पोर्ट जळतो, आणि वाईटात वाईट म्हणजे मदरबोर्डच (पीसीचा मुख्य सर्किट बोर्ड) जातो. हे माझं मत नाही. २००० साली आलेल्या यूएसबी २.० च्या स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अधिकृत नियमावलीत, निषिद्ध केबलींचं वेगळं कलमच आहे आणि त्यात दोन्ही टोकांना एकच पिन असलेली ही केबल येते. मधे चिप असलेली डेटा ट्रान्सफर केबल मिळते, ती चालते. पण ती फायली इकडच्या तिकडे करते, रॅम (चालू कामाची मेमरी) जोडत नाही.

बरं, मग नेटवर्कच्या लॅन केबलने जोडलं तर? तरीही ४ अधिक ४ आठ होत नाहीत. विंडोजला शेजारच्या पीसीची रॅम आपली म्हणून दिसतच नाही. दिसली असती तरी उपयोग काय? डीडीआर३-१६०० या प्रकारची रॅमची जुनी पट्टीसुद्धा सेकंदाला १२.८ जीबी देऊ शकते, गिगाबिट लॅन कागदावर १२५ एमबी. म्हणजे शंभरपट हळू.

नासाचं म्हणाल तर अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. १९९४ मध्ये तिथे १६ साधे पीसी इथरनेटने, म्हणजे लॅननेच, जोडून 'बेओवुल्फ' नावाचं क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या पीसींचा संच) केलं होतं. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये बनवलेला 'परम ८०००' हा सुपर कॉम्प्युटरसुद्धा अनेक प्रोसेसर जोडूनच झाला. पण दोन्हीकडे प्रत्येकाची मेमरी वेगळी होती आणि काम तुकड्यांत वाटून एकमेकांना निरोप धाडणारे प्रोग्राम मुद्दाम लिहावे लागत. तुमचं एक्सेल किंवा क्रोम तसं लिहिलेलं नाही. दुसरा पीसी आणून ठेवला म्हणून ते पळणार नाही.

घरातल्या सगळ्यांना एकच प्रिंटर, एकच फोटोंचा फोल्डर हवा असेल तर राउटर आणि शेअरिंग पुरे.

आणि दोन्हींचा मिळून खरंच एक बरा पीसी करायचा असेल, तर दोघांपैकी चांगला मदरबोर्ड ठेवा, दुसऱ्याची रॅम काढून त्यात घाला, जमल्यास एसएसडी ही वेगवान डिस्क बसवा. फक्त रॅमची पट्टी त्याच पिढीची हवी. डीडीआर३ची खाच डीडीआर४च्या जागी येत नाही. बसत नसेल तर जोर लावू नका.