चाळीस आटे

ठाण्याला वाशी गाडीत आज खिडकी मिळाली, लॅपटॉप उघडला, आणि घणसोली यायच्या आत एका काकांनी माझी तीन दिवसांची मेहनत अख्ख्या डब्यासमोर उडवली. अजून डोकं भणभणतंय.

काम काय ते पटकन सांगतो. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारा. प्रोग्रॅम फास्ट पळावा म्हणून तो लूपची, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागाची, काटछाट करतो. दर फेरीला तेच उत्तर देणारा हिशेब लूपच्या बाहेर काढून एकदाच करतो, बिनकामाचा लूप असेल तर मुळासकट उडवतो. उडव बाबा, पण आत प्रिंटएफ, म्हणजे स्क्रीनवर छापायचा हुकूम, असेल तर तितक्याच वेळा, त्याच क्रमाने छापलं गेलं पाहिजे, व्होलाटाइल व्हेरिएबल (म्हणजे बाहेरून कधीही बदलू शकेल अशी किंमत) असेल तर दर फेरीला खरोखर वाचलं गेलं पाहिजे. हे साइड इफेक्ट, म्हणजे बाहेर दिसणारे परिणाम, जागेवर आहेत का ते मी तपासतो. एकच प्रोग्रॅम ओ-झिरोला म्हणजे विना काटछाट, मग ओ-टूला काटछाट करून चालवायचा, आउटपुट सेम आलं की हिरवी टिक.

शेजारचे काका दिघ्यापासून माझ्या स्क्रीनकडे असे बघत होते जसं काही माझं पासबुकच उघडं पडलंय.

"हे काय करतंय?"

"लूप आहे काका. दहा कोटी वेळा फिरतो."

"फिरून?"

"बेरीज करतो."

"किती आली?"

"छापत नाही. व्हेरिएबलमध्ये राहते."

"तिथं बघतं कोण?"

मी म्हटलं, टेस्ट आहे, तुम्हाला नाही कळणार. ही चूक झाली. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मी पाणीखात्यात तेहतीस वर्षं काढली. आमच्याकडे एक चावीवाला होता, रोज पहाटे पाचला जायचा, चाळीस आटे फिरवायचा, घाम पुसायचा, वहीत लिहायचा, व्हॉल्व्ह उघडला. इकडे लोक बोंबलतायत पाणी नाही. साहेब वही बघून सांगायचे, उघडलाय! शेवटी खणलं तर स्पिंडल तुटलेला, वरचं डोकं नुसतं गरागरा फिरतंय. अरे, पाणी नळाला बघायचं असतं, चावीला नाही!"

समोर उभ्या माणसाने एक इअरफोन काढला. मागून कुणीतरी विचारलं, "दहा कोटी वेळा?" तर काका माझ्या वतीने म्हणाले, "हो ना, आणि पगार घेतो."

मी रागारागात ओ-टूची असेम्ब्ली, म्हणजे कंपायलरने मशीनसाठी काढलेल्या सूचना, उघडली. लूप नव्हताच. शून्य परत करून मेन, म्हणजे प्रोग्रॅमचा मुख्य भाग, घरी गेलेला. ओ-झिरोला बिचारा खराच दहा कोटी फेऱ्या मारत होता, पण छापत तोही काही नव्हता, म्हणजे काहीच नाही बरोबर काहीच नाही, टिक हिरवी. अशा बेचाळीस टेस्ट. आणि कंपायलरला शिव्याही देता येत नाहीत, जे कुणी बघत नाही ते उडवायची मुभा सी भाषेचं स्टँडर्डच देतं. युटा विद्यापीठातल्या लोकांनी सीस्मिथ नावाचं टूल केलं, ते आपोआप वेडेवाकडे सी प्रोग्रॅम लिहितं, २०११ च्या पेपरात त्यांनी कंपायलरमधले सव्वातीनशेच्या वर बग दाखवलेत. त्यातला प्रत्येक प्रोग्रॅम शेवटी ग्लोबल व्हेरिएबल्सचा चेकसम, म्हणजे त्यांच्या किमतींवरून काढलेला एक ताळ्याचा आकडा, छापतो. नळाला पाणी! मी तो पेपर वाचलेला आहे हो, दोनदा.

ह्या नादात माझं घणसोली गेलं. काका कोपरखैरणेला उतरले, मलाही उतरावं लागलं. "तुझं इथेच का?" मी हो म्हणालो.

उलटी गाडी पकडून ऑफिसला पोचलो, लेट मार्क लागला, मॅनेजरला सगळं सांगितलं. तो शीटमधून मान वर न करता म्हणाला, "पण पास आहेत ना? मग आकडा राहू दे, रिलीजनंतर बघू." बेचाळीसच्या बेचाळीस तिथेच आहेत, हिरव्यागार. लूप नीट करत बसलो तर त्या दिवसांचा हिशेब कोण देणार, हे मात्र त्याने लगेच विचारलं.

उद्यापासून मी पुढची गाडी पकडणार आहे. खिडकी गेली खड्ड्यात.